जिराफाचं शवासन

परवा रविवारी, चार पाहुण्यांच्या देखत, माझा जिराफ बादलीत तरंगला. तो बुडायला हवा होता.

थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत केनियाला गेलो होतो. नैरोबीहून मसाई माराला जाताना रिफ्ट व्हॅलीचा देखावा बघायला सगळ्यांच्या गाड्या थांबतात आणि दोन फोटो झाले की सगळेच त्या देखाव्याकडे पाठ करून दुकानात शिरतात. तिथे हा दीडफुटी काळाकुळकुळीत जिराफ उभा होता. ‘एबनी, माय फ्रेंड, ओरिजिनल एबनी!’ साडेचार हजार शिलिंगांपासून सुरुवात झाली आणि अठराशेला पटलं. तुळशीबागेत घडलेला माणूस मी, चालताना जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं. परतीच्या विमानात मान मोडू नये म्हणून तो मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी त्यांचं बाळ तरी अधूनमधून नवऱ्याकडे दिलं.

आता नाना. नाना खालच्या मजल्यावर राहतात. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले, त्याला पंधरा वर्षं झाली. अजूनही कुणाच्या घरी गेले की आत येण्याआधी चौकटीवर टिचकी मारून बघतात. रविवारी ते दिवाळी अंक परत करायला आले होते. फक्त दिवाळी अंक.

‘हे काय रे?’

‘जिराफ.’

‘ते दिसतंय. लाकूड कसलं?’

‘एबनी. आपलं ते आबनूस.’

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. मंडईत दुधी जोखतात तसा जिराफ दोनदा वरखाली केला. ‘हलका आहे.’ मग हुंगला. मग बोटाला थुंकी लावून त्याच्या पोटाखाली चोळली आणि मतदान करून आल्यासारखं ते बोट सगळ्यांना दाखवलं.

‘बूटपॉलिश.’

मेव्हणा हसला. तो वर्षातून दोनदा हसतो, दोन्ही वेळा माझ्या घरी.

‘सूनबाई, ते नखांचं रंग काढायचं असतं ना, ते आण जरा. आणि कापूस.’ माझा चष्मा शोधायला हिला अर्धा तास लागतो, ती बाटली चार सेकंदांत आली. बोळा मागच्या डाव्या खुरावर फिरला आणि खूर पांढराफटक झाला. एखाद्या घोड्याला शोभलं असतं.

‘खरं असतं तर पाण्यात बुडालं असतं,’ नाना म्हणाले. मी जागचा हललो नाही. बादली मेव्हण्यानं आणली.

पुढचं सांगितलंच आहे. जिराफ आधी डोक्यावर गेला, मग कुशीवर वळला आणि चार पाय ताणून शवासनात पडून राहिला. पाणी हळूहळू चहासारखं झालं.

‘मुळात तिथे ज्याला एबनी म्हणून विकतात ना,’ नाना आता आमच्या सोफ्यावर मांडी घालून बसले होते, ‘तो असतो म्पिंगो. आबनूस पडला आपल्या टेंभुर्णीच्या गोतातला, विडीच्या पानांची ती टेंभुर्णी. म्पिंगो शिसवाचा भाऊबंद. क्लॅरिनेट करतात त्याची. गाभा काळा, पण कडेचं लाकूड पिवळट, त्यामुळे खऱ्या वस्तूवर कुठेतरी फिकट पट्टा सापडतो पुष्कळदा.’

म्हणजे फसलो नसतो तरी फसलोच असतो!

‘मग हे काय आहे?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

नाना खिडकीशी गेले आणि त्यांनी खाली सोसायटीच्या फाटकाकडे बोट केलं. तिथे नीलमोहर उभा आहे. ‘जॅकरंडा. तिकडे बरीच जनावरं त्याचीच करतात.’ ज्या झाडाच्या फुलांचा चिखल दर उन्हाळ्यात मी गाडीच्या काचेवरून खरवडतो, ते झाड मी आफ्रिकेतून मांडीवर बसवून आणलं होतं. बरं, ते आफ्रिकेचंही नाही. मूळचं दक्षिण अमेरिकेचं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. केनियातलं हे कोरीवकाम कांबा लोकांचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात वामुन्यू गावचा मुटिस्या मुंगे नावाचा माणूस दक्षिणेकडच्या कारागिरांकडून ही कला शिकून आला आणि त्यानं ती गावाला शिकवली. पुढे पर्यटक वाढले. म्पिंगो वाढायला पिढ्या लागतात, तो तोडून तोडून विरळ झाला. मग कारागीर नीलमोहर, कडुनिंब, आंबा अशा भराभर वाढणाऱ्या झाडांकडे वळले. हे शहाणपणाचंच झालं की! मग तसं सांगा ना. नीलमोहराचा जिराफ म्हणून विका, मी घेतला असता. पाचशेला. सावंतवाडीच्या चितारआळीतून मी पांगाऱ्याची केळी-सीताफळं आणली, ती मला कुणी सागवानी म्हणून नाही दिली. आणि ज्यानं ती मान इतकी नाजूक वळवली, डोळ्यांना पापण्यासुद्धा कोरल्या, त्याच्या वाट्याला माझ्या अठराशेतले किती आले असतील? त्याचं नावही खुराखाली नाही. मी पाहिलं, पांढऱ्या खुराखाली तर नीटच दिसलं असतं.

पण खरा राग माझा नानांवर आहे. विचारलं होतं कुणी? सगळ्या सोसायटीत आता ‘पोहणारा जिराफ’ झालाय. लिफ्टमध्ये लहान मुलंसुद्धा विचारतात.

म्हणून काल अंक आणायच्या निमित्तानं मी खाली गेलो. नानांच्या शोकेसमध्ये चंदनाचा हत्ती आहे, निवृत्तीच्या समारंभात खात्यातल्या लोकांनी दिलेला, म्हैसूरचा. साध्या पांढऱ्या लाकडाला चंदनाचं तेल चोळूनही असे हत्ती मिळतात, आणि वर्षभरात त्यांचा वास उडतो, हे मीही आता वाचलंय. मी काच सरकवली, हत्ती उचलला आणि नाकाशी नेला.

नानांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि परत आत ठेवला.

‘भेट आलेल्या वस्तूचा वास घेत नाहीत,’ ते म्हणाले.