मरे नदीकाठची विरळणी: ‘ही तर वृक्षतोडच’ या दाव्याबद्दल

विरळणी म्हणजे दाटीतली काही झाडे काढून उरलेल्यांना जागा आणि ओलावा देणे. ‘राष्ट्रीय उद्यानात झाडे तोडायची आणि त्याला पर्यावरणीय विरळणी म्हणायचे, ही निव्वळ लाकडाची लूट आहे. जंगलाला पाणी सोडा, बाकीचे निसर्ग बघून घेईल.’ ऑस्ट्रेलियातल्या रिव्हर रेड गम जंगलांबद्दल हे सर्रास म्हटले जाते. रेड गम ही निलगिरीचीच एक जात, पण आपल्याकडची लावलेली निलगिरी इथे डोक्यात आणू नये. मरे नदीच्या पूरमैदानात (पुराचे पाणी पसरते त्या सपाट भागात) रेड गम हे मूळचे झाड आहे. बार्मा-मिलेवा हे त्याचे जगातले सर्वांत मोठे जंगल, सुमारे ६६,००० हेक्टरचे.

‘पाणी सोडा.’ जरूर सोडा. विरळणी हा पाण्याला पर्याय नाहीच. पण १९३६ चे ह्यूम आणि १९७९ चे डार्टमाउथ ही धरणे हिवाळा-वसंतातले पूर अडवून ते पाणी उन्हाळ्यात सिंचनाला देतात. पर्यावरणासाठी राखलेले पाणी मर्यादित आहे आणि ते आधी सखल भागात पोचते. उंचवट्यावर चढवायचे तर आसपासची खासगी शेते बुडतात. तिथे आहे तेवढ्या ओलाव्यात किती झाडे वाटेकरी असावीत, एवढेच आपल्या हातात उरते.

‘निसर्ग स्वतःच विरळ करतो.’ करतो, पण फार सावकाश. पुरानंतर हेक्टरी हजारो रोपे एकाच वयाची, एकाच जोमाची उगवतात. कोणीच मागे हटत नाही आणि सगळीच काठीसारखी राहतात. तरुण जंगलावर ४२ वर्षे चाललेल्या एका चाचणीत हेक्टरी ५६० झाडे ठेवलेल्या भागाने वर्षाला हेक्टरी ४.१ टन कार्बन साठवला, न विरळलेल्या भागाने १.६ टन. शिवाय काटकुळ्या खोडात ढोली होत नाही, आणि सुपर्ब पॅरटसारखे पोपट घरटे ढोलीतच करतात. मात्र हा फायदा लवकर केलेल्या विरळणीचा आहे. वर्षानुवर्षे दाटीत खुरटलेले झाड मोकळे केले म्हणून लगेच डेरेदार होत नाही.

‘लाकडासाठीच चालले आहे.’ याची परीक्षा सोपी आहे: तोडायची खूण कोणत्या झाडावर केली ते पाहा. खोडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजायचा. ४० सेंमीसारखी मर्यादा ठरवून तिच्यावरचे झाड, ढोलीचे झाड, उभे वाळलेले झाड आणि इथल्या मूळनिवासी योर्टा योर्टा लोकांनी साल काढल्याच्या खुणा असलेले झाड सोडायचे. उरलेल्यांत सरासरी ७ मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे २०० झाडे राहतात, १५ मीटरला जेमतेम ४५.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र खरा आहे: सगळे ओंडके ट्रकमध्ये गेले तर ती तोडच. या पूरमैदानांत पूर्वी जमिनीवर हेक्टरी अंदाजे १२५ टन पडके लाकूड असे, ते सुमारे १९ टनांवर आले. ब्राउन ट्रीक्रीपर हा पक्षी ४० टनांच्या आसपास असले तर टिकतो. म्हणून जाड ओंडके तिथेच ठेवायचे. फांद्यांचे ढीग मात्र मोठ्या बुंध्यांपासून दूर, कारण रेड गमला आग सोसत नाही.

काम फसते ते बहुधा इथे: कापलेला बुंधा फुटतो आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे येतात. ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावे लागते, नाहीतर ते खोडात टोचून झाड न कापता उभेच वाळू द्यायचे. ओल्या चिकणमातीत यंत्र घातले तर जमीन दबून चाकोऱ्या पडतात. काम कोरड्या दिवसांतच. आणि पुढच्या पुरानंतर मोकळ्या जागेत पुन्हा रोपांची गर्दी होते, त्या दुसऱ्या फेरीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.