जंगल नावावर झालंय? मग लागा कामाला!

अभिनंदन! अखेर तुमच्या नावावर जंगल झालं. लहानसं का असेना, पण स्वतःचं. कागदावर सही होईपर्यंत हे जंगल आपलं आपण कसंबसं चाललं होतं. पाला पडत होता, कुजत होता, बिया रुजत होत्या, त्यातल्या बहुतेक मरतही होत्या आणि या सगळ्यावर देखरेख करायला कुणी नव्हतं. आता तुम्ही आला आहात. या गचाळ कारभाराला शिस्त लागलीच म्हणून समजा.

एक काळजी मात्र सुरुवातीलाच घ्या. कुणीतरी भेटेल आणि सांगेल की, पहिलं वर्ष कशालाही हात लावू नका, नुसतं बघा. पाणी कुठे साचतं, ऊन कुठपर्यंत पोचतं, रोपं आपोआप कुठे उगवतात ते वहीत टिपून ठेवा, मग काय करायचं ते ठरवा. असले सल्ले ज्यांना वेळ जात नाही ते लोक देतात. वर्षभर बघत बसलात, तर करण्यासारखं फारसं काही नाहीच, हे तुमच्या लक्षात येण्याची भीती आहे. मग हौसेने आणलेल्या चेनसॉचं काय करायचं?

तेव्हा थेट साफसफाईला लागा. डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपतं ते वाळकं लाकूड. उभी वाळलेली झाडं, आडवे पडलेले ओंडके, अर्धवट मोडून लोंबणाऱ्या फांद्या. पाहुणे आले तर काय म्हणतील? उभ्या वाळक्या झाडात सुतारपक्षी ढोली कोरतो, तो निघून गेला की तीत पिंगळा राहायला येतो, नाहीतर वटवाघळं, असं पक्षीवाले सांगतात. सांगू देत. बिनभाड्याचे भाडेकरू एकदा शिरले की निघत नाहीत, हे घरमालकाला वेगळं सांगायला नको. फिनलंडमध्ये अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या जंगलातल्या साधारण 20 ते 25 टक्के प्रजाती या ना त्या प्रकारे मेलेल्या लाकडावर जगतात असं निघालं. म्हणजे एका ट्रॉलीत पाव जंगल बाहेर! एवढं झटपट काम दुसरं नाही.

फक्त ओंडका उचलताना खाली बघू नका. सवय नसलेला माणूस तिथेच उकिडवा बसतो. खालच्या अंगाला मातीला चिकटलेलं पांढऱ्या बुरशीचं जाळं असतं. साल बोटानेही सुटते, आतून ओलसर भुसा गळतो आणि त्या भुश्यात अंगाचं वेटोळं करून एक जाडजूड पांढरी अळी पडलेली असते. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या अशाच लाकडात वर्षानुवर्षं काढतात. एवढा आळस तुमच्या मालकीच्या जागेत! उचला आणि टाका ट्रॉलीत. (रस्त्यावर किंवा वाटेवर कोसळेल असं झाड काढावंच लागतं, यात वाद नाही. पण आपण कारण शोधत नसून उत्साहाने काम करतो आहोत.)

मग पाला. तो झाडून, ढीग करून पेटवून द्या. मध्य युरोपातल्या शेतकऱ्यांनी एके काळी पिढ्यान्‌पिढ्या गुरांखाली अंथरायला जंगलातला पाला ओढून नेला आणि माती निकस होऊन झाडांची वाढ खुंटली. पण त्यांच्याकडे नुसते दाताळे होते, म्हणून एवढा वेळ लागला. तुमच्याकडे पाला उडवणारा ब्लोअर आहे. तुम्हाला हे काम स्वतःच्या हयातीत उरकता येईल.

जागा चकाचक झाली की मधोमध रस्ता हवा. रुंद हवा, गाडी वळली पाहिजे. इथे थोडं गणित करू. जंगल एक हेक्टरचं आणि अगदी चौकोनी धरलं, तर बाजू 100 मीटर. म्हणजे बरोबर मध्यावर उभे राहिलात तरी कडेपासून जेमतेम 50 मीटर आत. कडेने वारा शिरतो, ऊन शिरतं, तण शिरतं. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराजवळ 1979 पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. 1, 10 आणि 100 हेक्टरचे जंगलाचे तुकडे सुटे पाडून त्यांचं काय होतं ते तिथे मोजत आले आहेत आणि कडेजवळची मोठी झाडं आतल्यांपेक्षा जास्त मरतात, असं दिसून आलं आहे. आता एवढ्याशा तुमच्या जंगलाला मुळात ‘आतला भाग’ असा उरतोच किती? जो काही असेल तो मधल्या रस्त्याने एका फटक्यात निकालात निघेल.

रस्त्याचं काम भर पावसात काढा. जमीन मऊ असते, यंत्र सहज रुततं. झाडांची पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरभर थरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांबवर पसरलेली असतात. ओल्या मातीवरून जड चाकांच्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच ती बरीचशी दबून जाते. मग मातीत ना हवा ना पाणी. झाड लगेच मरत नाही, ही यातली खरी सोय. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर यंत्रवाला आणि त्याचं बिल दोन्ही विस्मरणात गेलेलं असतं. मग ‘कसला तरी रोग आलाय’ असं म्हणायला तुम्ही मोकळे.

आता वृक्षारोपण. एवढं सगळं काढल्यावर ते करावंच लागतं आणि फोटोही इथेच येतो. आधी नैसर्गिकरीत्या उगवलेली रोपं उपटा, कारण ती रांगेत नसतात. त्यांच्या जागी दोरी लावून, एकाच जातीची, एकाच उंचीची आणा. जर्मनीत लाकडासाठी मैलोन्‌मैल नुसता स्प्रूस नावाचा सूचिपर्णी वृक्ष लावला, तेव्हा तोही असाच शिस्तीत उभा होता. 2018 पासूनचे उन्हाळे कोरडे गेले, साल पोखरणारे भुंगेरे आले आणि हार्त्स पर्वतात डोंगरच्या डोंगर तपकिरी पडले. मेलीसुद्धा रांगेत.

रोप लावताना पिशवी फाडण्याच्या भानगडीत पडू नका, हात खराब होतात. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुंता झालेली असतात. तो गुंता सोडवला नाही, तर जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात आणि पुढे स्वतःच्याच बुंध्याला फास लावतात. बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या वर्षी जोराचा वारा येतो, झाड आडवं होतं आणि खाली बघावं तर मुळांचा पिशवीच्याच मापाचा, तळाशी चपटा गोळा. वर प्लॅस्टिकची किनार अजून शाबूत! त्याला आधाराची काठी लावताना सुतळी नको, तार घ्या आणि चांगली आवळा. बुंधा जाड होत जातो, तार तशीच राहते, सालीत रुतते, दिसेनाशी होते. पुढे कुणाची तरी करवत तिच्यावर अडकली की तुमची आठवण निघेल.

जातीची निवड करताना पटकन वाढणारं, कुणी न खाणारं, कुठेही रुजणारं असं काहीतरी बघा. या सगळ्या गुणांत घाणेरीचा हात कुणी धरणार नाही. शोभेचं झुडूप म्हणून ती अमेरिका खंडातून जगभर नेली गेली आणि आज जगातल्या सगळ्यात उपद्रवी अशा 100 परक्या प्रजातींच्या यादीत आहे. त्या यादीत सुबाभूळही आहे. अमेरिकेत कुड्झू नावाचा जपानी वेल 1876च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात आला. पुढे जमिनीची धूप थांबेल म्हणून सरकारनेच पैसे देऊन तो शेतकऱ्यांना लावायला लावला. धूप थांबली का ते विचारू नका, कारण वेलाखाली जमीन दिसत नाही.

छाटणीचं थोडक्यात सांगतो. फांदी खोडाला अगदी लगटून, सपाट कापा आणि जखमेवर रंग फासा. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. त्यांचं म्हणणं असं की, झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. त्यासाठी फांदीच्या बुडाची फुगीर कड शाबूत राहावी लागते आणि रंगाने कूज थांबत नाही. पण रंग लावल्यावर काहीतरी केल्यासारखं दिसतं, त्याचं काय? झाडावर नाव कोरायचं असेल तर डोळ्यांच्या उंचीवरच कोरा. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे नाव आहे त्याच उंचीवर राहील आणि नातवंडांनाही मान वर न करता तुमचा प्रताप वाचता येईल.

तोडणीला मात्र एकटेच जा. घरी सांगू नका, हेल्मेट गाडीत ठेवा आणि तोडलेलं झाड शेजारच्या झाडात अडकून राहिलं, तर खाली उभं राहून विचार करा. तोडायची झाडं निवडताना सरळ, जाड, निरोगी अशी हेरून घ्या आणि वाकडी-तिकडी पुढच्या पिढीच्या बियाण्यासाठी राखा. निघालेलं सरपण गाडीत भरून लांबच्या पाहुण्यांकडे पोचवा. 2002 मध्ये मिशिगनमध्ये आढळलेला पूर्व आशियातला एक हिरवा चमकदार भुंगेरा माणसांनी असंच प्रेमाने वाहून नेलेल्या सरपणातून उत्तर अमेरिकाभर पोचला आणि अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं संपली. प्रवासाची आवड प्रत्येकालाच असते.

हे सगळं करून उत्साह उरलाच, तरी काही कामांच्या नादी लागू नका. परक्या झुडपांची रोपं दरवर्षी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणं, काठीसारखी उंच गेलेली दाट झाडं थोडी थोडी विरळ करणं, कोवळ्या फुटव्यांना गुरं-शेळ्या तोंड लावणार नाहीत इतपत कुंपण दुरुस्त ठेवणं. ही कामं पाठ मोडणारी आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागतात आणि नीट झाली तर केली आहेत हे कुणाला कळतसुद्धा नाही. फोटोत दाखवणार काय? जिथे झुडूप नाही ती जागा?

शेवटी वारसांचं. मुलांना जंगल दाखवायला नेऊ नका, कुठलं झाड कशासाठी राखलंय ते सांगू नका, काही लिहूनही ठेवू नका. चौघं असतील तर सरळ चार पट्ट्या पडतील. एका हेक्टरच्या त्या चौकोनातून प्रत्येकाला 25 मीटर रुंदीची लांबलचक पट्टी येईल आणि प्रत्येकाला स्वतंत्र रस्ता लागेल. एक धोका मात्र आताच लक्षात घ्या. शेजारच्या भावाचं कुंपण आपल्या हद्दीत दोन फूट आत आलंय, असं चौघांनाही वाटणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला, तर तेवढ्या वर्षांत तिथे पुन्हा जंगल उभं राहू शकतं.