अमेरिकेत बघायचंच तर नीट बघा

दरवर्षी पाऊस पडायच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर एचटीबीटी कपाशीचा विषय उगवतो. अकोटचा भाचा लिहितो, "अमेरिकेत सगळे तणनाशकानं न मरणारी कपाशी लावतात, बंदी आपल्यालाच का?" पुण्याची आत्या लगेच टाकते, "त्याच तणनाशकाच्या खटल्यांत कंपनीला दहा अब्ज डॉलर मोजायची पाळी आली, ते वाच आधी." दोघंही अमेरिकेची साक्ष काढतात. अमेरिकेत राहणारा मी त्याच ग्रुपवर असतो, मला कुणी विचारत नाही. राग येतो, लपवत नाही.

एचटीबीटीला भारतात परवानगी नाही. तरी ते वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे, 'चोर बीटी' या नावानं. जून 2019 मध्ये आमच्याच अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं हे बियाणं जाहीरपणे पेरलं. पर्यावरण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखाचा दंड असताना, दिवसाढवळ्या. इथं ॲरिझोनातल्या चँडलरला बसून तो व्हिडिओ पाहताना छाती फुगली खरी. संघटनेचं सगळं म्हणणं मला तेव्हाही पटत नव्हतं, पण गाव आपलं होतं ना.

आता मुद्द्याचं. यातला 'एचटी' तणासाठी, म्हणजे तणनाशक फवारलं तरी कपाशी मरत नाही; आणि 'बीटी' अळीसाठी, म्हणजे कपाशी खाणारी बोंडअळी मरते. बीटी तेच, जे मार्च 2002 मध्ये सरकारनं मान्य केलं आणि ज्याच्या दोन जनुकांच्या सुधारित वाणालाही गुलाबी बोंडअळी 2014-15 नंतर जुमानेनाशी झाली. 2017 ला विदर्भात डोमकळ्यांनी, म्हणजे आत अळी असलेल्या न उमलणाऱ्या फुलांनी, रानं भरली. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत किडकी सरकी आणि पिवळट कवडी, म्हणजे खराब कापूस. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी झालेली, फवारा तोंडावर येणारा, आणि तोंडाला फार तर रुमाल.

हीच अळी माझ्या इथं, ॲरिझोनात, होती. होती म्हणतो, कारण ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं देशातल्या कपाशीतून तिचा नायनाट झाल्याचं जाहीर केलं. यवतमाळनंतर जेमतेम वर्षभरानं. बीटी तेच. मग फरक कशात पडला?

भाच्यानं हे बघावं असं मला वाटतं. इथं 1996 ला बीटी आलं तेव्हा शेजारी साधी कपाशी लावायची अट होती, म्हणजे अळीच्या सगळ्याच पिढ्या विष पचवून तयार होणार नाहीत. ती बऱ्यापैकी पाळली गेली. हंगाम संपला की पऱ्हाट्या कापून रान नांगरायची मुदत कायद्यानं ठरलेली. 2006 पासून विमानातून वांझ पतंग सोडले, म्हणजे रानातल्यांशी जुळले तरी पुढची पिढी होऊ नये; चार वर्षांत दोन अब्जांहून अधिक. फिनिक्सच्या केंद्रात हे पतंग वाढवताना अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळायचे. मादीच्या गंधानं पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग सापडला की चिरडून बघायचा: पोट लाल असेल तर आपला, नसेल तर रानातला. रानातले सापडेनासे झाले तेव्हा सापळे मोजणाऱ्यांना काय वाटलं असेल! आणि या खटाटोपाला कपाशीवाल्यांनी स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले.

आमच्याकडे 450 ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची. ती काठाने लावायची, असं पाकिटावर छापलेलं. कुणी लावली? बहुतेकांची बांधावर गेली. कपाशी मार्चपर्यंत उभी, कारण फरदडीचे, म्हणजे हंगामानंतर उभ्या ठेवलेल्या कपाशीचे, दोन-चार क्विंटल कुणाला नको असतात? अळीला बारा महिने जेवण. बाशिंग बांधलं, वरात काढली आणि मुहूर्त टाळला, असं झालं ते.

लगेच कुणी म्हणेल, तिथला एकेक शेतकरी शेकडो एकरांचा, विम्यासकट, त्याला काय जातंय. मान्य. चार एकरवाल्यानं बिगर-बीटीच्या पाच ओळी अळीला खायला सोडाव्यात, हे सांगणं सोपं आहे. पण मग अमेरिकेतलं फक्त पाकीटच तेवढं मागू नका.

तणाचं तर हसूच येतं. इथलं कपाशीतलं सगळ्यात माजोरी तण म्हणजे आपल्या माठाचं भावंड, पामर ॲमरंथ. मूळचं याच सोनोरन वाळवंटातलं. एका झाडाला लाखो बिया. ग्लायफोसेटला, म्हणजे भाचा-आत्याच्या वादातल्या त्याच तणनाशकाला, ते दाद देत नाही हे 2005 च्या सुमाराला जॉर्जियात उघड झालं आणि तिथल्या कपाशीत पुन्हा माणसं लावून हातानं उपटावं लागलं. म्हणजे दहा वर्षांत अमेरिका निंदणावर परत आली! हे मी ग्रुपवर लिहिलं. आत्यानं टाळ्या दिल्या, भाचा गप्प, आणि थोरल्या चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आला, "अबे, त्या दहा वर्षांत निंदाईचे किती पैसे वाचले ते सांग ना. इथं बाया भेटत नाईत. डवरणीले वापसा नाई, आठ दिवस पानी. तू येतं का निंदाले?"

याला उत्तर नव्हतं. आत्याकडेही नसावं, ती भाजी घरपोच मागवते.

भावाकडे जे शेत आहे त्यातला अर्धा सातबारा माझ्या नावावर आहे. ठोक्याचे, म्हणजे खंडाचे, पैसे दरवर्षी बँकेत येतात. तिथं काय पेरलं, मी विचारत नाही, तो सांगत नाही. इथं घरासमोरच्या खडीत तण दिसलं की एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचं, पत्र येतं. मग मी पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, हातमोजे-गॉगल घालून फवारतो. तणनाशकावर इतकं बोलणाऱ्या माझा तणाशी एवढाच संबंध उरलाय. आणि ती गुलाबी बोंडअळी! तिची पहिली शास्त्रीय नोंद 1843 ची, भडोचकडची. नंतर इजिप्तच्या सरकीतून मेक्सिकोत आणि 1917 ला टेक्सासात पोचली. शंभर वर्षं राहिली तरी तिला इथलं कुणी मानलं नाही. अकोटला मला 'अमेरिकावाला' म्हणतात आणि इथले शेजारी दर दिवाळीला विचारतात, "घरी कधी जाणार?"

गेल्या हिवाळ्यात भावाला फोन करून म्हटलं, या वर्षी फरदड नको, डिसेंबरात पऱ्हाटी उपट आणि रोटाव्हेटर मार. तो म्हणाला, "चार क्विंटलचे पैसे धाडशील?" हिशेब केला, एचओएच्या वर्षाच्या वर्गणीहून कमीच निघाले. हो म्हणालो. तो जरा थांबला, मग म्हणाला, "आपल्या चहूबाजूनं अकरा जनांची कपाशी उभी हाये. तेही धाडतं का?"