एमबीए फायनान्स करा, पण फायनान्सला हात न लावता

स्पेशलायझेशन म्हणून फायनान्स घ्यायला एवढं एकच कारण पुरतं, की मार्केटिंगवाल्यांना उन्हातान्हात वणवण करावी लागते. एचआर घेतलं तर घरच्यांना समजावत बसावं लागतं, ऑपरेशन्स घेतलं तर स्वतःलाच. फायनान्स म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. फार तर मावशी विचारते, "मग आता कुठला शेअर घेऊ रे?" तेव्हा निर्णय झाला असं समजा. पुढची दोन वर्षं फक्त एक पथ्य पाळायचं. वर्गात शिकवलेली गणितं स्वतःच्या फीला, प्रोजेक्टला आणि पगाराला लावून बघायची नाहीत.

एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं, म्हणजे सीईटीचं, फारसं मनावर घेऊ नका. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि उणे गुण नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय ठोकून मोकळं व्हा. अंदाजपंचे आकडा टाकायचा आणि मागे वळून बघायचं नाही, ही सवय पुढे व्हॅल्युएशनला, म्हणजे कंपनीची किंमत ठरवायला, फार कामी येते.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातल्या 'सरासरी पॅकेज'वर डोळे झाकून विश्वास ठेवा. साठ जणांच्या तुकडीत एकोणसाठ जणांना ५ लाख आणि एकाला ३५ लाख मिळाले, तर सरासरी साडेपाच लाख येते. त्या एका पोराने साठही जणांचा पगार अर्ध्या लाखाने वाढवला, ही केवढी समाजसेवा! मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार) किती, आणि भाजकात नेमके किती विद्यार्थी धरलेत, हे विचारू नका. मध्यक पहिल्या सेमिस्टरच्या सांख्यिकीत शिकवतात, तोवर फीची पावती तुमच्या हातात असते.

आता एक्सेल. एनपीव्ही, म्हणजे प्रकल्पातून पुढे येणाऱ्या पैशाची आजची निव्वळ किंमत, काढताना सुरुवातीच्या गुंतवणुकीसकट सगळे आकडे निवडा आणि फॉर्म्युला मारा. हे फंक्शन पहिला आकडा आजचा नव्हे, वर्षअखेरचा धरतं, त्यामुळे आजची गुंतवणूक कंसाबाहेर वेगळी मिळवावी लागते, असं काही कटकटे लोक सांगतील. लक्ष देऊ नका. १२ टक्के दर असेल तर सगळं उत्तर १.१२ ने भागलं जातं एवढंच. चिन्ह काही बदलत नाही. प्रकल्प स्वीकारावा की नाकारावा ते बरोबर येतं, सर टिक मारतात आणि चूक तुमच्यासोबत थेट नोकरीपर्यंत येते.

बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो ते, काढायला तीन वर्षांचे भाव उतरवून घ्या आणि भावांवरच एक्सेलचं स्लोप फंक्शन लावा. परताव्यांवर लावायचा असतो, पण त्यासाठी आणखी एक कॉलम करावा लागतो. तो कॉलम केलाच, तर निदान बोनस शेअरचा हिशेब तरी करू नका. एकास एक बोनस निघाला की न जुळवलेल्या भावात त्या दिवशी उणे ५० टक्के परतावा दिसतो. मग 'कंपनी अत्यंत जोखमीची आहे' असा निष्कर्ष आयताच मिळतो. भागधारक तिकडे पेढे वाटत असले तरी आपण आपल्या निष्कर्षावर ठाम राहायचं.

पुढच्या पाच वर्षांचा ताळेबंद मांडला की तो जुळणार नाही. कधीच जुळत नाही. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी ५४ चे ४५ झालेत आणि फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या ओळीत सापडली तर ती उलट्या बाजूला बसलीय, असं जुने हिशेबनीस सांगत. त्यांच्याकडे वेळ होता. तुम्ही 'इतर चालू देणी' या ओळीत फरक टाका. परीक्षक तिथवर पोचत नाहीत. कर्जाच्या सरासरीवर व्याज, व्याजावरून नफा, नफ्यावरून रोकड आणि रोकडीवरून पुन्हा कर्ज असं चक्र झालं की एक्सेल तक्रार करतं. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशनवर टिक करा, तक्रार बंद. त्यानंतर एखाद्या सेलमध्ये एरर शिरली तर ती त्या चक्रात अशी भिनते की मूळ चूक दुरुस्त करूनही जात नाही, आणि चक्र तोडणारा स्विच तर तुम्ही ठेवलेलाच नसतो. पण हे सादरीकरणाच्या आदल्या रात्रीच घडतं. तेव्हा आकडे पेस्ट स्पेशलने गोठवा आणि त्याला मॉडेल म्हणा.

व्हॅल्युएशनची खरी गंमत टर्मिनल व्हॅल्यूत, म्हणजे अंदाजाच्या वर्षांपुढच्या सगळ्या काळाच्या किमतीत, आहे. मुक्त रोकड १०० कोटी, भांडवलाचा खर्च १२ टक्के, कायमची वाढ ५ टक्के धरली तर पुढच्या वर्षीचे १०५ भागिले ०.०७ (१२ उणे ५ टक्के) म्हणजे १,५०० कोटी. वाढ ६ टक्के करा, १,७६७ कोटी. ७ करा, २,१४० कोटी. कारखान्यात एक खिळा इकडचा तिकडे न करता दोन टक्क्यांत ६४० कोटी निर्माण झाले. १३ टक्के मात्र टाकू नका, कंपनीची किंमत उणे येते. शहाणा विद्यार्थी ही कसरतच करत नाही. तो आधी आजचा बंद भाव बघतो, त्यात १५ टक्के मिळवतो आणि एक्सेलच्या गोल सीकला सांगतो की एवढं उत्तर येईल असा वाढीचा दर शोधून दे. शिफारस अर्थातच 'खरेदी करा'.

आता समर प्रोजेक्ट. मामांच्या ओळखीने एखाद्या सीएच्या ऑफिसात आठ आठवडे चिकटता येतं. तिथे तुम्हाला खरेदीची बिलं आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या रिटर्नांवरून बनणारी बिलांची यादी) ताडून बघायला बसवतील. त्यात दिसेल ते असं: अशिलाने माल घेतला, १८ टक्के जीएसटीसकट पैसे चुकते केले, पण पुरवठादाराने आपलं रिटर्न वेळेवर भरलं नाही, म्हणून चौदा तारखेला तयार होणाऱ्या २बीत ते बिलच नाही. वीस तारखेला रिटर्न भरताना त्या कराचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळत नाही, तेवढी रक्कम पुन्हा खिशातून जाते. दहा लाखांच्या खरेदीवर १ लाख ८० हजार अडकले. शिवाय गिऱ्हाईक साठ दिवस पैसे देत नाही आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर व्याज चढत राहतं. खेळतं भांडवल कसं खेळायचं थांबतं, हे त्या मळक्या फाइलीत ओळीओळीने लिहिलेलं असतं. म्हणून ती फाइल लवकरात लवकर परत करा. 'क्लार्कची कामं दिली' अशी मित्रांकडे तक्रार करा आणि रिपोर्टासाठी विषय घ्या 'खेळत्या भांडवलाचं व्यवस्थापन : संकल्पना व महत्त्व'. त्याची पहिली चाळीस पानं मागच्या तुकडीकडे तयार असतात. उतरवताना कंपनीचं नाव बदलायला विसरू नका. साधारण पान ३१ वर जुनं नाव राहून जातं.

त्याहून सोपं हवं असेल तर 'अमुक सहकारी बँकेचं गुणोत्तर विश्लेषण' घ्या. चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) काढा, २:१ आदर्श असल्याचं लिहा आणि बँकेचं ०.९ आल्याबद्दल चिंता व्यक्त करा. बँकेच्या ताळेबंदात चालू आणि बिगरचालू अशी विभागणीच नसते, लोकांच्या ठेवी हीच तिची देणी आणि वाटलेली कर्जं ही मालमत्ता, त्यामुळे तिथे बघायचं ते भांडवल पर्याप्तता, एनपीए (थकलेली कर्जं), सीडी रेशो (ठेवींच्या तुलनेत कर्जं) आणि घेतलेल्या-दिलेल्या व्याजातलं अंतर. पण पुस्तकातल्या गुणोत्तरांच्या प्रकरणात ही नावं नसतात. शेवटी 'बँकेने आपली तरलता सुधारावी व जाहिरात वाढवावी' अशी सूचना करा. जाहिरात वाढवावी ही सूचना कुठल्याही प्रोजेक्टाला चालते.

सर्वेक्षण हवंच असेल तर गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाका. 'गुंतवणूकदारांची मानसिकता' या विषयावर शंभर उत्तरं येतील, सगळी २१ ते २५ वयाची, सगळ्यांचं उत्पन्न शून्य. त्यांच्या निवृत्ती नियोजनावर कायवर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी) लावा. अर्ध्या चौकटींत अपेक्षित वारंवारिता पाचच्या खाली असल्याने ती चाचणी तिथे लागत नाही, पण पाय चार्ट त्रिमितीय असला की कोणी खाली बघत नाही. बाइंडिंग काळं, अक्षरं सोनेरी. गाइडची सही शेवटच्या दिवशी, जिन्यात.

मधल्या काळात हॉस्टेलवर ऑप्शन्स सुरू करायला हरकत नाही. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेच सांगितलंय. म्हणजे सात टक्क्यांत यायचंय फक्त. सीईटीला याहून चुरस होती.

आणि मग प्लेसमेंट. पदाचं नाव 'रिलेशनशिप मॅनेजर', काम दुकानोदुकानी फिरून करंट अकाउंट उघडणं. होय, उन्हातच. पॅकेज ६ लाख. त्यातले ९० हजार व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६ हजार. ग्रॅच्युइटी साधारण १४,४००, जी पाच वर्षं टिकलात तर मिळते. गटविमा वगैरे ९,६००. उरले साडेचार लाख, महिन्याला ३७,५००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा केले की हातात ३४,३००. ही आकडेमोड ऑफर लेटर स्वीकारल्यावर करावी. स्टेटस आधी टाकावा.

शैक्षणिक कर्जाचं तर अजिबात बघू नका. दोन वर्षांत पाच-पाच लाख उचलले, दर साडेदहा टक्के, अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नाही. 'हप्ता नाही' म्हणजे व्याज नाही असा सोयीचा अर्थ घ्यावा. प्रत्यक्षात सरळव्याजानेच २,६२,५०० चढतात, ते मुदलात जातात, आणि सात वर्षांसाठी १६,८६१ होऊ शकला असता तो हप्ता २१,२८७ होतो. हप्ता सुरू होईपर्यंत महिन्याचं व्याज भरत राहिलं तर ते टळतं, पण पहिल्याच वर्षी हे कळायला पैशाच्या कालमूल्याचं प्रकरण स्वतःला लावावं लागलं असतं. व्याजावर आयकरात वजावट मिळते म्हणून खूश होऊ नका, नव्या करप्रणालीत ती नाही. आणि एवढ्या पगारावर तिथे करही नाही.

हप्ता गेल्यावर महिन्याला १३,०१३ राहतात. त्यात कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि पेट्रोल बसवा. फेब्रुवारीत १२,९१३ धरा, त्या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात.