वय काय होतं?

आज लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत माझ्या आजीचा निकाल लागला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "दिसला नाहीत बरेच दिवस, गावाला गेला होतात का?" म्हटलं, आजी गेली. "अरेरे. वय काय होतं?" म्हटलं, त्र्याण्णव. लगेच काकूंचा चेहरा सैल झाला. "मग काय, सोनं झालं हो त्यांचं!" दार उघडलं, काकू भाजीची पिशवी सावरत गेल्या.

काकूंवर राग नाही. म्हणजे आहे, पण एकट्या काकूंवर नाही. जो भेटतो तो हेच विचारतो. नव्वदीपुढचा आकडा कानावर पडला की लोक मनातल्या मनात सुतक फेडून मोकळे होतात. चाळिशीतलं माणूस गेलं की "काय ओढवलं हो", आणि त्र्याण्णवाव्या वर्षी गेलं की "गोड जेवण घाला". अहो, पण चाळिशीतल्या माणसापेक्षा त्र्याण्णवाव्या वर्षी जाणारं माणूस कितीतरी जास्त घेऊन जातं ना? मला अजून एकाही माणसाने विचारलं नाही की तुमची आजी कुठल्या पट्टीत गायची.

काळी चार. म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. शेवटी शेवटी आवाज उतरत उतरत काळी दोनला आला होता, आणि त्याचा तिला कमालीचा राग होता.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातला किस्सा आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगते. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं आजीच लिहायची. शार्दूलविक्रीडित वृत्तात, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. सांगलीतला हॉल, मे महिना, अंतरपाट धरलेला, मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झालेल्या. माइकवर मामा. आजीने लिहिलं होतं, "आला हा शुभ सोहळा घरि अता, वाजोत हे चौघडे". छापखान्यातल्या मुलाने बिचाऱ्याने शुद्धलेखन सुधारून दिलं होतं. मामा गायला, "घरी आता" आणि चाल तिथेच ठेचकाळली. पुढच्या रांगेतून आजी उठून उभी. "ऱ्हस्व! ऱ्हस्व म्हणा!" भटजींना वाटलं म्हातारीला काहीतरी होतंय. कोणीतरी पाणी आणलं. अर्ध्या लोकांनी गोंधळून अक्षता टाकूनही दिल्या. आजीने पेला बाजूला सारला, मामाच्या हातातून माइक घेतला आणि ओळ पहिल्यापासून म्हटली. व्हिडिओत अंतरपाट हलताना दिसतो, कारण पलीकडे नवरी हसून हसून वाकलेली.

सोनं झालं म्हणे.

आजी मिरजेची. सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत जाणारी. दुकानाबाहेर पंढरपूरकडून आलेले तंबोऱ्याचे भोपळे रचलेले असायचे, त्यावर टिचकी मारून कुठला बोलतो ते बघत जायची म्हणे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले तेव्हा ती पाच वर्षांची. तरी ठामपणे सांगायची, मला त्यांचा आवाज आठवतो. आजोबा म्हणायचे, पाच वर्षांच्या पोरीला काय डोंबल आठवणार? ती वाद घालायची नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या चहात साखर नसायची. मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाला तिचे वडील तिला गाणं ऐकायला न्यायचे. ऐकायला हं, गायला नाही. मुलीने चारचौघांत बसून गायचं हे त्या घरात बसत नव्हतं. लग्न झाल्यावर तर मंगळागौर, भोंडला आणि भजनी मंडळ, एवढंच.

पण पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली सासरी. ती तिने सोडली नाही. आणि इथे तुम्हाला एक सांगायलाच हवं, कारण आजकाल कोणाला माहीतच नसतं. १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी होती. परकं वाद्य, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत, वगैरे वगैरे. ती १९७१ साली उठली, तीही पूर्ण नाही. म्हणजे आजीची उमेदीची सगळी वर्षं तिचं वाद्य रेडिओच्या दाराबाहेर. तिला तो घरचा अपमान वाटायचा. संध्याकाळी रेडिओवर कोणी सारंगीच्या साथीने गात असलं की ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेटी ओढून बसायची, दोन ओळींत पट्टी पकडायची आणि इकडून साथ करायची. "त्यांनी नाही घेतली तर मी घेते." आमटी उतू गेली तरी गवई समेवर आल्याशिवाय उठायची नाही. इतक्या मोठमोठ्या गवयांना तिने साथ केली आणि त्यांना पत्ताच नाही!

(श्रुतींचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हे शिकलेले लोक सांगतात. असेल. पुढे.)

१९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा घरात अजून रेडिओ नव्हता. समोरच्यांकडे होता. शुक्रवारी सकाळी नवं गाणं लागायचं, तेच परत शनिवारी आणि रविवारी. आजी शुक्रवारी शिसपेन्सिलीने उतरवायची, राहिलेले शब्द शनिवारी भरायची आणि रविवारी नुसती डोळे मिटून ऐकायची. सगळी ५६ गाणी वहीत आहेत. एके ठिकाणी गदिमांचा शब्द ऐकू आला नाही तर तिने स्वतःचा घातलाय, वृत्तात बसेल असा. पुढे खरा कळल्यावर तो शेजारी लिहिलाय, पण स्वतःचा खोडलेला नाही. हा माज बघा!

आता तुम्ही म्हणाल, काय गोड आजी. गोड वगैरे काही नव्हती. "माझी मदत कर" म्हटलं की हातातलं काम थांबायचं. "तुझी मदत नाही, तुला मदत. हिंदी घराबाहेर." माझी आई विदर्भातली. "मी करून राहिली" म्हणायची, तर आजी अख्ख्या पंगतीसमोर तिची नक्कल करायची. बरीच वर्षं. आई हसण्यावारी न्यायची, पण मागच्या पडवीत जाऊन भांडी जरा जोरात घासायची, ते मी पाहिलंय. ते चूक होतं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणतात, पण होतं. नंतर कधीतरी तिला आईचा "बैताड", म्हणजे वेडपट, हा शब्द सापडला आणि ती त्याच्या प्रेमातच पडली. वर्तमानपत्राच्या कोड्यात चुकीचा उभा शब्द निघाला की संपादक बैताड. छापखान्यातला तो मुलगाही कायमचा बैताडच. आईची माफी मात्र तिने कधी मागितली नाही. हे लिहिताना माझाच राग आजीवर वळतोय, थांबते.

हो, खितपत पडली नाही. आदल्या रात्री वरणभात खाल्ला, कोडं अर्धं सोडवलं आणि सकाळी उठली नाही. हे भाग्यच, मान्य. पण म्हणून कोणी माझ्या वाट्याचं रडू वयात मोजून कमी करून देऊ नये.

आणि आता मूळ दुखणं. दहावा व्हायच्या आत घरच्या ग्रुपवर पेटीचा फोटो आला. "कोणाला हवी आहे का? नाहीतर देऊन टाकू, जागा अडते." त्याखाली अंगठे! जागा अडते? तिच्या खोक्यात अजून कापराच्या वड्या आहेत, कसर लागू नये म्हणून. पावसाळ्यात मधल्या सप्तकातला कोमल गंधार दाबला की वर यायचा नाही. तिने पोस्टकार्डाची बारीक पट्टी कापून त्या सुराशेजारी सरकवली आहे. त्या पट्टीवर तिच्या बहिणीच्या अक्षरात "सप्रेम नमस्कार वि." एवढं दिसतं, पुढचं कापलं गेलंय. भात्याला दोन ठिकाणी चामड्याचं ठिगळ, तेही तिनेच चिकटवलेलं. हे कोणाला "देऊन टाकणार"?

मी ग्रुपवर फार वाईट लिहिलं. मग काकाने खासगीत फोन केला. तो काही वाईट माणूस नाही, वन-बीएचके आहे त्याचा, गुडघे गेलेत. म्हणाला, "मला ती उघडलेली बघवत नाही गं." मग काय बोलणार. पेटी माझ्याकडे येते आहे. मला धड सारेगमसुद्धा येत नाही, हा भाग वेगळा.

आता कामाचं. गीतरामायणाची वही आहे, पण तिच्या मंगलाष्टकांची वहीच नाही. ज्याचं लग्न त्याला कागद देऊन ती मोकळी व्हायची. मिरज, सांगली, इचलकरंजी, पुणे इथे किती घरांत ते कागद पडले असतील देव जाणे. आमच्या नात्यातल्या, वाड्यातल्या, भजनी मंडळातल्या कोणाचं लग्न तिच्या मंगलाष्टकांवर लागलं असेल तर अल्बमच्या मागे, पत्रिकेच्या पाकिटात एकदा शोधा. सापडलं तर कागदाचा फोटो काढून मला इनबॉक्स करा. टाइप करून पाठवू नका. तुमचा फोन "घरि"चं "घरी" करील.