‘फ्रीमेसनांचं दप्तर कुणालाच बघू देत नाहीत’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

तो फॉरवर्ड मला तिसऱ्यांदा आला. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, आणि आता थेट मामांकडून. खाली मामांनी स्वतःची ओळ जोडली होती : ‘तू जुने कागद वाचत बसतेस ना, मग यावर बोल.’ मामांना नाही म्हणता येत नाही, म्हणून बोलते.

फ्रीमेसन, किंवा नुसतं मेसन, म्हणजे शपथा आणि बंद दारामागचे विधी असलेल्या एका जुन्या बंधुमंडळाचा सभासद. त्या मंडळाला मेसनरी म्हणतात आणि त्याच्या स्थानिक शाखेला लॉज. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. फ्रीमेसन ही जगाचा कारभार पडद्याआडून चालवणारी टोळी आहे आणि तिचे कागद बाहेरच्या माणसाला बघता येत नाहीत. अल्बर्ट पाईक नावाच्या अमेरिकन मेसनने १८७१ साली तीन महायुद्धांचा आराखडा एका पत्रात लिहून ठेवला होता. ते पत्र १९७७ पर्यंत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात मांडलेलं होतं, मग गायब केलं. भारतात ही निव्वळ गोऱ्यांची मंडळी होती. जे थोडे भारतीय शिरले त्यांची नावं याद्यांतून पुसली. विवेकानंदांचं नाव यात गोवणं हा त्यांचाच डाव. शेवटी नेहमीचं : ‘डिलीट व्हायच्या आत वाचा.’

आधी दप्तराचं बघू, बाकी सगळं त्याच खुंटीला टांगलेलं आहे.

लंडनला ग्रेट क्वीन स्ट्रीटवर फ्रीमेसन्स हॉल आहे. त्याच इमारतीत मेसनरीचं संग्रहालय, ग्रंथालय आणि अभिलेखागार आहे, आणि आगाऊ कळवून गेलं तर मेसन नसलेल्या माणसालाही तिथे बसून वाचता येतं. १७५१ ते १९२१ या काळातल्या इंग्लिश सनदेखालच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य संस्थेच्या परवान्याने चाललेल्या लॉजांच्या, सदस्यांच्या नोंदवह्या स्कॅन होऊन वंशावळी शोधणाऱ्यांच्या एका मोठ्या सशुल्क संकेतस्थळावर चढल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लॉजांची यादी, म्हणजे कुठलं लॉज कधी निघालं, कुठे भरायचं, कधी बंद पडलं, ही तर फुकट बघायला मिळते. एकोणिसाव्या शतकातली मेसनांची नियतकालिकंही तशीच फुकट, शब्द टाकून शोधता येणारी.

पण मला सगळ्यात गंमत वाटते ती एका कायद्याची. फ्रेंच राज्यक्रांतीने इंग्लंडच्या सरकारची झोप उडाली होती, कुठल्याही बंद दारामागे कट दिसत होता. १७९९ साली त्यांनी शपथा घेणाऱ्या गुप्त मंडळांवर बंदी घातली. मेसन लॉजांना त्यातून सूट मिळाली, पण एका अटीवर : दर वर्षी प्रत्येक लॉजने आपल्या सदस्यांची नावं, पत्ते आणि धंदे लिहून परगण्याच्या न्यायालयीन कारकुनाकडे दाखल करायचे. हा कायदा १९६७ साली रद्द झाला. म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ ‘गुप्त’ संघटनेच्या सभासदांची यादी सरकारदरबारी जमा करण्याचं बंधन कायद्याच्या पुस्तकात होतं. यातल्या कितीतरी याद्या आज इंग्लंडच्या जिल्हा अभिलेखागारांत, किरकोळ चोऱ्या आणि रस्तादुरुस्तीच्या खटल्यांच्या शेजारी पडून आहेत. मोडी येत नाही म्हणून पेशवे दफ्तर गुप्त आहे असं आपण म्हणत नाही. इथे तर लिपीचीही अडचण नाही.

आणि असतं काय त्यात? नोंदवहीत आडव्या ओळीत नाव, वय, राहण्याचं ठिकाण, धंदा, दीक्षेच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली कधी घेतली, दुसरी कधी, तिसरी कधी, फी भरली का. लॉजच्या सभांच्या इतिवृत्तात कोण हजर, कोणाची वर्गणी थकली, जेवणाचं बिल किती झालं, कुठल्या सभासदाच्या विधवेला किती मदत दिली. विधीची वेळ आली की कारकून ‘रीतीप्रमाणे कामकाज सुरू झालं’ अशा अर्थाचं एक वाक्य लिहून पुढे सरकतो. रहस्याच्या आशेने आलेल्या माणसाला इथे झोप येते. बरं, विधी तरी कितीसे झाकलेले? सॅम्युअल प्रिचर्डने १७३० सालीच ते लंडनमध्ये छापून विकायला काढले होते.

इथे फॉरवर्डला एक गुण द्यावा लागेल. आपल्याकडच्या लॉजांची स्वतःची इतिवृत्तं त्या त्या लॉजची खासगी मालमत्ता आहेत. दाखवायची की नाही हे सेक्रेटरीच्या मनावर. मी एका लॉजला पत्र लिहिलं होतं, दोन वर्षं झाली, पोचसुद्धा नाही. पण हेच उत्तर (म्हणजे अनुत्तर) मला एका जुन्या वाचनालयाकडून आणि दोन गृहनिर्माण संस्थांकडूनही मिळालंय. त्यात जागतिक कट शोधायचा तर सोसायटीच्या कमिटीपासून सुरुवात करावी लागेल.

आता पाईकचं पत्र. हे प्रकरण फॉरवर्डचा प्राण आहे, म्हणून जरा सावकाश.

पाईक खरा माणूस, १८०९ चा जन्म, १८९१ ला मृत्यू. मेसनरीच्या एका अमेरिकन शाखेचा प्रमुख. ज्याला हे पत्र लिहिलं असं सांगतात तो मॅझिनीही खरा, इटलीचा देशभक्त. आपल्याकडे सावरकरांमुळे घरोघर माहीत. पत्रात म्हणे पहिलं युद्ध झारला खाली खेचण्यासाठी, दुसरं फॅसिस्ट आणि झायोनिस्ट यांच्यात, तिसरं झायोनिस्ट आणि इस्लामी जग यांच्यात. तारीख १५ ऑगस्ट १८७१. कागद न बघताही इथे थांबावं. ‘झायोनिझम’ हा शब्द १८९० साली नाथान बिर्नबाउमने घडवला आणि फॅसिस्ट हे नाव राजकारणात आलं मुसोलिनीबरोबर, १९१९ मध्ये. शिवाजी महाराजांच्या पत्रात ‘महाराष्ट्र शासन’ असा शिक्का सापडला तर आपण त्याला काय म्हणू?

मग हे पत्र आलं कुठून? पाईक आणि मॅझिनी यांच्या सैतानी कारस्थानाची गोष्ट १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने आणि त्याच्या साथीदारांनी छापून पसरवली. वाचकांनी डोक्यावर घेतली. १९ एप्रिल १८९७ रोजी टॅक्सिलने पॅरिसमध्ये भरसभेत सांगितलं की हे सगळं मी रचलेलं होतं. सभेत गोंधळ झाला, गोष्ट मात्र मेली नाही. पुढे चिलीतल्या एका कार्डिनलने पत्र ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत असल्याचं लिहिलं. तिथून ते उचललं विल्यम गाय कार या कॅनडातल्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने, आणि तीन महायुद्धांची मांडणी जगभर गेली ती त्याच्यामुळे.

ह्याच कारने आपल्या एका पुस्तकात तळटीप दिली आहे. म्युझियमच्या हस्तलिखित विभागाच्या प्रमुखाने त्याला कळवलं होतं की असं पत्र आमच्या सूचीत नाही. कार वारला १९५९ साली. म्हणजे १९५९ किंवा त्याआधीच पत्र सूचीत नव्हतं, आणि हे सांगणारा माणूस पत्रावर विश्वास ठेवणारा होता. मग १९७७ पर्यंत ते मांडलेलं कसं होतं? शिवाय १९७३ पासून म्युझियमचे ग्रंथालय विभाग ब्रिटिश लायब्ररी या नव्या संस्थेकडे गेले होते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निदान पाटी तरी बदलायची.

तिसरा मुद्दा, गोऱ्यांची मंडळी आणि पुसलेली नावं. यातलं अर्धं खरं आहे, आणि ते खरं असल्याचा पुरावा याच कागदांत आहे. मुंबईचे माणकजी खरशेटजी, मुलींच्या शिक्षणासाठी १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा काढणारे, यांना तरुणपणी मुंबईच्या लॉजने पारशी म्हणून घेतलं नाही. ते युरोपला गेले आणि पॅरिसमध्ये मेसन होऊन आले. परत आल्यावरही मुंबईची दारं बंदच. मग डॉ. जेम्स बर्न्सच्या पुढाकाराने १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, भारतीयांना प्रवेश देणारं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांनी १८६३ साली दार ठोठावलं, ते उघडलं १८७२ मध्ये. हिंदूने शपथ कुठल्या ग्रंथावर घ्यायची, अनेक देव मानणारा चालेल का, असा वाद नऊ वर्षं चालला.

आता समजा, हे वाचून कुणी उत्साहाने त्या स्कॅन केलेल्या लंडनच्या वह्यांत ‘रायझिंग स्टार’ शोधलं. सापडणार नाही. फॉरवर्डवाला लगेच म्हणेल, बघा, पुसलं! पुसलेलं नाही, ते लॉज स्कॉटलंडच्या सनदेखाली होतं. १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही भारतातली स्वतंत्र मुख्य संस्था स्थापन होईपर्यंत भारतातली लॉजं तीन घरची होती : इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश. इंग्लिश सनदेची वार्षिक विवरणं लंडनला जायची, स्कॉटिश एडिंबरोला, आयरिश डब्लिनला. एकाच फोर्टात, एकाच संध्याकाळी भरणाऱ्या दोन लॉजांचे कागद दोन देशांत. जळगावच्या सातबाऱ्यासाठी सांगलीच्या तलाठ्याकडे गेलात तर तो नाहीच म्हणणार. वरून नावांची स्पेलिंगं. माणकजी, मानेकजी, खरशेटजी, कर्सेटजी. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते वहीत. मी एकाच माणसाची चार रूपं मांडून बसते आणि पाचव्यात तो सापडतो.

विवेकानंदांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त या २१ वर्षांच्या तरुणाने १९ फेब्रुवारी १८८४ ला पहिली पायरी घेतली, १५ एप्रिलला दुसरी, २० मे रोजी तिसरी. त्याच फेब्रुवारीत त्याचे वडील वारले. ही नोंद त्या काळची आहे, जेव्हा विवेकानंद हे नाव अजून जगात कुणी ऐकलं नव्हतं. शिकागोच्या नऊ वर्षं आधी त्याला कुणी कशाला ‘गोवेल’? त्यावरून त्यांना कुणाचा हस्तक ठरवणाऱ्यांचाही दावा तितकाच पोकळ आहे. मेसनरीत तीन पायऱ्या चढून पुढे कधी न फिरकलेले लोक वहीच्या पानापानावर आहेत.

‘कागद गायब केले’ या वाक्यावर मात्र मला थांबायचंय, कारण ते खरोखर झालं आहे. फक्त उलट्या दिशेने. नाझींनी व्यापलेल्या देशांतली लॉजं बंद केली आणि त्यांची दप्तरं गाड्या भरून नेली. युद्धानंतर ती सोव्हिएत सैन्याच्या हाती लागली आणि मॉस्कोच्या एका विशेष अभिलेखागारात १९९० च्या सुमारापर्यंत, कुणाला पत्ता न लागता राहिली. त्यानंतर फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सला आपापले कागद परत मिळत गेले. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोने १ मार्च १९४० च्या कायद्याने मेसन असणं हाच गुन्हा ठरवला आणि सालामांकात संशयितांच्या सुमारे ८० हजार फायली रचल्या. प्रत्यक्षातले स्पॅनिश मेसन दहा हजारांचा पल्लाही गाठत नव्हते. ज्यांना आपण मेसनांचं दप्तर म्हणून उघडतो, त्यातलं बरंचसं त्यांच्या मागावर असलेल्या पोलिसांचं दप्तर असतं. तिथे नाव सापडलं म्हणून माणूस मेसन ठरत नाही.

मामांचा परवा फोन आला. फॉरवर्डचं राहू दे, म्हणाले, आमचे आजोबा रेल्वेत होते, ते फोर्टात स्टर्लिंग सिनेमाजवळच्या फ्रीमेसन्स हॉलला जायचे असं आई सांगायची, ते शोधता येईल का? येईल. पण आधी लॉजचं नाव आणि सनद लागेल, अंदाजे साल लागेल, आणि क्रमांकावर भिस्त ठेवायची नाही. इंग्लिश सनदेच्या लॉजांचे क्रमांक १८३२ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या पदकावर एक आकडा आणि वहीत दुसरा असं होतं. मामा म्हणाले, पदक आहे बहुतेक. माळ्यावरच्या ट्रंकेत. रविवारी काढतो.