साबणाच्या प्लेटवर कॉलनी जास्त का आल्या?

नमस्कार सर,

‘घरी साधा साबण पुरेसा आहे’ हे माझं म्हणणं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या जिवाणू वाढवायच्या प्लेटांनी खोटं पाडलं, असं तुम्ही लिहिलंत. साबणाने धुतलेल्या बोटाच्या प्लेटवर न धुतलेल्या बोटापेक्षा जास्त कॉलनी (जिवाणू वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके) आल्या, तर सॅनिटायझर आणि अँटिसेप्टिक लिक्विडच्या प्लेटा कोऱ्या राहिल्या. असंच दिसतं, निरीक्षणाबद्दल वाद नाही. पण हात किती स्वच्छ झाला, हे त्या प्लेटा सांगत नाहीत.

आधी साबणाचं. हातावरचे काही जिवाणू कायमचे रहिवासी असतात, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. ते त्वचेच्या थरांत राहतात आणि निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत. पोटात जाऊन आजारी पाडणारे बहुतेक जंतू वरवर चिकटलेले असतात आणि चोळून धुतल्यावर वाहून जातात. पण त्याच चोळण्याने मृत त्वचेच्या पापुद्र्यांसोबत आतले रहिवासी वर येतात, त्यांचे पुंजकेही सुटतात. एका पुंजक्यापासून एकच कॉलनी उगवते. तो फुटून पाच तुकडे झाले, तर पाच कॉलनी. प्लेटमधल्या साध्या न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणूंचं खाद्य असलेल्या जेलीवर) रहिवासी आणि पाहुणे सगळेच वाढतात, त्यामुळे मोजणी फसते.

कोऱ्या प्लेटांची गोष्ट निराळी. बोटावर राहिलेलं लिक्विड अगारमध्ये उतरतं आणि जिवाणू मेले नसले तरी त्यांची वाढ तिथेच अडवतं. ते थांबवायला दर लिटर अगारमध्ये ०.७ ग्रॅम लेसिथिन आणि ५ ग्रॅम ट्वीन ८० घाला, तेही सगळ्याच प्लेटांत. सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय बोट टेकवू नका. शिवाय एका प्लेटवर लिक्विडचा थेंब वाळवून त्याच जागी न धुतलेलं बोट टेकवा. तिथे काही उगवलं नाही, तर लिक्विडचा असर अजून उरलाय, म्हणजे बाकीचे आकडे धरू नका.

धुण्याआधी आणि नंतर त्याच मुलाचं बोट घ्या. आपल्याकडे मे महिन्यात खोली चाळिशीपार जाते आणि डिसेंबरच्या रात्री चांगल्याच थंड असतात, म्हणून प्लेटा उघड्यावर ठेवू नका. सगळ्या एकाच वेळी, उलट्या, ३५ अंशांवर ४८ तास ठेवा. सरळ ठेवल्या, तर झाकणावरचं पाणी पडून कॉलनी पसरतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे: स्वच्छ, कोरड्या हातांवर जिवाणू मारण्यात ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं सॅनिटायझर साध्या साबणाच्या पुढेच असतं. हात तेलकट किंवा मळके असतील, तर ते तितकं उपयोगी नाही. सावजी रश्श्याचा तवंग बोटांवर असताना अल्कोहोल जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोन थेंब क्षणात उडतात. हात २० सेकंद ओले राहतील एवढं, साधारण ३ मिलिलिटर, घ्यावं लागतं. घरी अँटिबॅक्टेरियल साबणाची मात्र गरज नाही, याबाबत मी ठाम आहे. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटकांवर घरगुती हँडवॉशमध्ये बंदी घातली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

जिवाणू वाढलेल्या प्लेटांच्या झाकणाची टेप मुलांना कधीही काढू देऊ नका. कॉलनी बंद झाकणातूनच मोजा आणि नंतर प्लेटा उष्णता सोसणाऱ्या पिशवीत घालून १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) मगच फेका.